एका अक्षराचा फरक

आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींत पूर्वी नोकरी, बदली, घरबांधणी आणि मुलांचे दहावी-बारावीचे निकाल हे विषय असत. आता आमच्या तुकडीतील बहुतेकांची मुले लग्नाच्या वयाला आली आहेत आणि बोलण्यात एक निराळाच प्रश्न डोकावू लागला आहे. कोणीतरी जरा बाजूला घेऊन हळूच विचारते, “मुलीचा पॅटर्न एएस आला आहे. आता काय करायचे?” विदर्भातील वाचकांना या वाक्याची फोड करून सांगण्याची गरज नाही. ज्यांना ती लागेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की हा प्रश्न सिकल सेल नावाच्या रक्तविकाराचा आहे. तो ज्या समाजगटांत जास्त आढळतो, त्यांत विदर्भातील अनेक आदिवासी जमाती आहेत आणि आपला समाजही आहे.

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात, गुरुजनांचे ऋण मानावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तरी या वेळी आम्ही एक विज्ञानाचा विषय घेतला आहे. कारण वरच्या प्रश्नाचे उत्तर ज्या धड्यात आहे, तो धडा आम्ही सर्वांनी कधीतरी गुणांसाठी पाठ केला आणि परीक्षा संपताच विसरून गेलो. पेशी आपल्याजवळच्या आनुवंशिक माहितीवरून प्रथिने कशी तयार करते, हा तो धडा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचे प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण असे तीन भाग येतात. हे शब्द कोरडे वाटतात. परंतु आमच्या काही सोबत्यांचे सारे आयुष्य याच शब्दांच्या पोटात घडलेल्या एका लहानशा बदलावर बेतले आहे.

प्रथम प्रथिनांविषयी. प्रथिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डाळ आणि अंडी येतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. शरीरातील बहुतेक कामे प्रथिनेच करतात. अन्न पचविणारी विकरे, स्नायूंना आकुंचित करणारे तंतू, रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे, ही सर्व प्रथिने होत. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली माळ असते. मण्यांचे प्रकार अवघे वीस. पण त्यांचा क्रम बदलला की माळेची घडी बदलते, आणि घडी बदलली की तिचे काम बदलते. आपल्या रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात : दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ मणी, बीटा साखळीत १४६. फुप्फुसांत प्राणवायू धरायचा आणि दूरच्या पेशींपाशी जाऊन तो सोडायचा, एवढेच याचे काम. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, आणि अस्थिमज्जा दर सेकंदाला अशा सुमारे वीस लाख पेशी तयार करीत असते. हे वाक्य वाचून होईपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या हाडांत काय काय घडून गेले असेल, याची कल्पना करावी.

आता प्रश्न असा, की १४६ मण्यांची ही माळ प्रत्येक वेळी त्याच क्रमाने कोण ओवते? क्रम कोठे लिहून ठेवला आहे?

तो डीएनएत लिहिलेला आहे. आपल्या ग्रंथालयातील ते काचेचे कपाट वाचकांना आठवत असेल. त्यातील जाड संदर्भग्रंथ बाहेर नेण्याची परवानगी नसे. ज्याला जे पान हवे असेल, त्याने तेथेच बसून ते वहीत उतरून घ्यावे आणि वही घेऊन जावी. पेशीचा कारभार जवळजवळ असाच चालतो. केंद्रकाच्या आत डीएनएचा ग्रंथ आहे. त्याची लिपी चार अक्षरांची : ए, टी, जी, सी. आईकडून मिळालेली एक प्रत आणि वडिलांकडून मिळालेली एक प्रत, अशा दोन प्रती, प्रत्येकीत सुमारे ३०० कोटी अक्षरे. हा ग्रंथ केंद्रकाबाहेर जात नाही. जे प्रथिन हवे असेल, त्यापुरत्या मजकुराची नक्कल आरएनएच्या रूपाने उतरवून घेतली जाते. हेच प्रतिलेखन. नक्कल उतरताना टीच्या जागी यू हे अक्षर येते. पहिल्या नकलेत अनावश्यक मजकूरही असतो. तो कापून टाकून उरलेले तुकडे सांधले जातात आणि मग ही नीटनेटकी नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकाबाहेर पाठविली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि ते आपल्या डोळ्यांच्या, त्वचेच्या, यकृताच्या पेशींतही आहे. पण तेथे ते कोणी वाचत नाही. तांबड्या पेशी जेथे घडतात त्या अस्थिमज्जेतच त्याचे पान उघडले जाते. सर्वांच्या हाती तोच ग्रंथ असला, तरी प्रत्येक पेशी आपापल्या कामाचेच पान वाचते.

केंद्रकाबाहेर नकलेची वाट पाहत असतात रायबोसोम. रायबोसोम नकलेवरील अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचतो. तीन अक्षरांचा एक शब्द म्हणजे एक कोडॉन, आणि एका कोडॉनचा अर्थ एक अमिनो आम्ल. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द ६४ होतात. त्यांपैकी ६१ शब्द अमिनो आम्लांची नावे सांगतात. उरलेले तीन पूर्णविरामासारखे असून ‘येथे थांबा’ एवढेच म्हणतात. एयूजी या शब्दाने वाचन सुरू होते. योग्य मणी आणून देण्याचे काम ट्रान्सफर आरएनएचे. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला नेमके त्या शब्दाचे अमिनो आम्ल. अक्षरे जुळली की मणी माळेत जोडला जातो. हे भाषांतरण. मग रायबोसोम एक शब्द पुढे सरकतो, आणि हे स्थानांतरण. माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाच-सहा मणी या वेगाने ही ओवणी चालते. म्हणजे बीटा साखळी पुरी व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. थांबण्याचा शब्द आला की माळ सुटते, घडी घालून घेते आणि कामाला लागते.

ही लिपी माणसाने वाचली त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. १९६१ साली अमेरिकेत मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाय यांनी केवळ यू हेच अक्षर असलेला कृत्रिम आरएनए परीक्षानळीतील मिश्रणात सोडला, तेव्हा फिनिलअलानिन या एकाच अमिनो आम्लाची माळ तयार झाली. अशा रीतीने यूयूयू या पहिल्या शब्दाचा अर्थ लागला. पुढचे कितीतरी शब्द डॉ. हरगोविंद खोराना यांनी उलगडले. अक्षरांचा क्रम आधीच ठाऊक असलेले आरएनए त्यांनी प्रयोगशाळेत घडविले आणि त्यांच्यापासून कोणत्या माळा होतात ते ताडून पाहिले. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत मिळाले. खोराना यांचा जन्म अखंड पंजाबातील रायपूर नावाच्या शंभरेक वस्तीच्या खेड्यात झाला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यासारखे. त्या खेड्यात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ तेवढे एकच होते. जीवसृष्टीची लिपी वाचणारा माणूस निरक्षर खेड्यातून आला, हे आपल्या शाळेच्या आजच्या मुलामुलींनी आवर्जून लक्षात ठेवावे. पुढे रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली ज्या तिघांना नोबेल मिळाले, त्यांत चिदंबरम येथे जन्मलेले व्यंकटरामन रामकृष्णन होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बीटा साखळीच्या १४६ मण्यांसाठी ४३८ अक्षरे लागतात. सुरुवातीचा एयूजीने आणलेला मणी नंतर कापला जातो. त्यामुळे तो हिशेबात धरत नाहीत. उरलेल्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. त्याचा शब्द जीएजी. सिकल सेलमध्ये या शब्दातील मधले अक्षर बदललेले असते आणि शब्द जीयूजी होतो. जीयूजीचा अर्थ व्हॅलिन. रायबोसोमला यात काही वावगे दिसत नाही. तो समोर आलेला शब्द इमानाने वाचतो आणि व्हॅलिन जोडून पुढे जातो. ‘भाकर’ या शब्दाचे एकच अक्षर बदलून ‘चाकर’ झाले, तर वाक्य वाचता येते, व्याकरणही बिघडत नाही. पण भुकेल्याच्या हाती जे पडते ते निराळेच असते. येथेही तसेच घडते.

ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, तर व्हॅलिन तेलाप्रमाणे पाण्यापासून अंग चोरणारे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, की हा व्हॅलिनचा मणी शेजारच्या रेणूतील खोबणीत जाऊन बसतो. त्या शेजाऱ्याला आणखी एक शेजारी चिकटतो, आणि पाहता पाहता पेशीत लांबलचक ताठर तंतू तयार होतात. एरवी गोल, लवचीक असणारी तांबडी पेशी ओढली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. म्हणूनच मराठीत या विकाराला दात्रपेशी पांडुरोग असे नाव दिले गेले. दात्र म्हणजे विळा. धान कापणाऱ्या आमच्या भंडारा-गोंदियाकडील आयाबायांना त्या पेशीचे चित्र दाखविले, तर कोणी न सांगताही त्या ते ओळखतील. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून हाडांत, सांध्यांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त सतत कमी राहते, डोळे पिवळसर दिसतात. प्लीहा निकामी होत गेल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आमच्या वेळच्या वसतिगृहात असा एक मुलगा होता. थंडी पडली की त्याचे हातपाय सुजत आणि तो घोंगडीत गुरफटून रात्रभर कण्हत असे. घरच्यांनी त्याला एका दवाखान्यात नेले, तेथे वात म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी आमवाताची औषधे मिळाली, तिसऱ्या ठिकाणी लोहाच्या गोळ्या. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असताना कोणा जाणत्या डॉक्टरांनी त्याच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करविली आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्याला आपल्या दुखण्याचे नाव कळले. आज तो नोकरी करतो, रोज गोळी घेतो, आणि आमच्या सर्वांच्या आधी निरोपाच्या वेळी पाण्याची बाटली भरून घेतो. आमच्या मागच्या तुकडीतील एक मुलगी मात्र बारावीच्या वर्षी तापाचे निमित्त होऊन गेली. तिलाही असेच सांधे धरत. तिचे रक्त कधी तपासले गेलेच नव्हते. त्यामुळे तिला नेमके काय झाले होते, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. तिच्या आईला हे न कळणेच अधिक सलते.

या विकाराचे शास्त्रीय वर्णन प्रथम १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण ग्रेनेडा बेटावरून शिकायला आलेला एक विद्यार्थीच होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभारच वेगळा आहे. म्हणजे हा रेणूचा आजार आहे. नेमका फरक कोठे आहे, ते केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. त्यांनी हिमोग्लोबिनचे लहान लहान तुकडे केले, ते कागदावर पसरले आणि निरोगी रक्ताच्या ठिपक्यांशी एकेक ठिपका ताडून पाहिला. सारे जुळले, एकच ठिपका सरकलेला होता. तो निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात ऑक्टोबर १९५६ मध्ये छापून आला, आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याचे त्यांनी पुढच्याच वर्षी सिद्ध केले. ऑक्टोबर १९५६ हा महिना आपल्या कोणाला निराळा सांगायला नको. ज्या महिन्यात नागपुरात लाखो माणसे जन्माने लादलेले हीनत्व झुगारून देत होती, त्याच महिन्यात सातासमुद्रापलीकडे, त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तातील एका वेदनेचे कारण कागदावर उमटले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. परंतु आम्हाला त्या एकत्र आठवतात.

त्याचे कारण असे, की या आजाराभोवतीची कुजबुज अजून थांबलेली नाही. ‘रक्तच खराब’, ‘घराण्याला लागलेले’, ‘मागच्या जन्मीचे’ हे शब्द आम्ही आपल्याच घरांत ऐकले आहेत. विज्ञान काय सांगते ते पाहावे. सिकल सेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसच्या काही भागांत आहे. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. जेथे जेथे मलेरियाचा कहर होता, तेथे तेथे हे बदललेले अक्षर टिकून राहिले. कारण ज्याच्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत हा बदल असतो, त्याला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले. आमच्या पूर्वजांपैकी कित्येक जण जंगलाकाठच्या, तळ्याकाठच्या गावांत तापाच्या साथींतून वाचले, त्यात या अक्षराचाही हात असावा. ज्याने आजोबांना जगविले तेच दोन्हीकडून एकत्र आले की नातवाला छळते. यात पाप नाही, शाप नाही. कारण आहे, आणि कारण कळले की उपायाची वाट दिसते.

ती वाट एका साध्या हिशेबाची आहे. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती. दोन्ही नेहमीच्या असतील तर एए, एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक, आणि दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. एएस आणि एए यांच्या विवाहातून एसएस मूल होत नाही. दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता एसएसची, दोन एएसची आणि एक एएची असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही चांगली होतील’ असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. दोघे वाहक असूनही ज्यांचा विवाह झाला आहे, त्यांना गरोदरपणाच्या सुमारे अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश तपासून गर्भाचा पॅटर्न जाणून घेता येतो. आमच्यातील एका जोडप्याने तो मार्ग धरला. त्या आठवड्यातील वाट पाहण्याविषयी ते फारसे बोलत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. स्थळे पाहताना मुलीचा पॅटर्न विचारला जातो. मुलाचा विचारला तर अपमान मानला जातो. आमच्या पाहण्यातील एएस असलेल्या दोन मुलींची ठरलेली लग्ने मोडली, आणि त्या दोन्ही ठिकाणी मुलाचे रक्त तपासलेच नव्हते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बापाकडून येते, हे दहावीचे पुस्तक सांगते. मुलगा एए निघाला असता तर त्या घरात एसएस मूल जन्मण्याचा प्रश्नच नव्हता. प्रथम दोघांची तपासणी, मग निर्णय, हा क्रम आपण पाळला तर कित्येक मुलींची मानहानी टळेल.

उपचारांतही आज पुष्कळ सुधारणा झाली आहे. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात, म्हणून एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही. जन्मानंतर गॅमाचे पान मिटते आणि बीटाचे उघडते. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी ते मिटलेले पान काही अंशी पुन्हा उघडते आणि त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्त तपासून घ्यायची असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, गॅमाचे पान मिटविणारी कळ निकामी करून त्या परत सोडतात. हा उपचार आज आपल्या आवाक्याबाहेरचा, अतिशय महागडा आहे. परंतु आपल्या देशातही १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत सिकल सेलचा समावेश आहे, हेही पालकांनी माहीत करून घ्यावे.

शाळेच्या व्यवस्थापनापुढे आम्ही काही गोष्टी नम्रपणे ठेवतो. प्रवेशाच्या वेळी पालकांच्या संमतीने प्रत्येक मुलामुलीची सिकल सेल तपासणी व्हावी आणि तिचा निकाल पालक व आरोग्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षकांपुरताच राहावा; फलकावर लागू नये, वर्गात उच्चारला जाऊ नये. एसएस विद्यार्थ्याला हिवाळ्यात आंघोळीला गरम पाणी मिळावे. वर्गात पाण्याची बाटली बाळगण्याची आणि लघवीला जाण्याची त्याला मुभा असावी. कारण पाणी कमी पडले की पेशी लवकर वाकतात. पहाटेच्या कवायतीत त्याला दमेपर्यंत पळविले जाऊ नये. त्याला ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. वेदनेची तक्रार करणाऱ्या मुलाला आळशी ठरविण्यापूर्वी त्याचा कागद पाहावा. पहिल्या वर्षीच्या तपासणीचा खर्च आमची तुकडी उचलेल. गरम पाण्याच्या बंबासाठी वर्गणी सुरू झाली आहे आणि ती थंडीपूर्वी पुरी व्हावी, असा प्रयत्न आहे.